लदलेल्या बैलाएवढी गल्ली

बाबूसिंग नायकाला लोकांची भांडणं फार आवडायची. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, बघायला कोणाला आवडत नाहीत? पण याला ती मिटवायला आवडायची, आणि मिटवायची तर आधी ती असावी लागतात. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं त्यानं जे केलं ते कळेल. माफ करा असं मी म्हणत नाही.

वारंगा फाट्यावरून आत वळलं की कच्च्या रस्त्याच्या शेवटी टेकडीच्या पोटाशी त्याचा तांडा. त्या तांड्याचा हा नायक. आजा नायक, बाप नायक, म्हणून हाही नायक. कोणी निवडून दिलेला नाही, त्यामुळं कोणी पाडूही शकत नाही, असं त्याला वाटायचं. तांड्यावर आपसात बोलणं सगळं गोरमाटीत चालतं, पण आपण ते मराठीतच ऐकू, नाहीतर तुमची आणि माझी दोघांचीही पंचाईत व्हायची.

त्र्याण्णव साली तिकडं लातूरच्या बाजूला भूकंप झाला. इथं मांडणीवरची भांडी वाजली असतील तेवढीच, पण माणसांच्या मनात मातीच्या जड धाब्याची जी धास्ती बसली ती बसलीच. पुढची पाच-सहा वर्षं ज्याला त्याला जुनं घर पाडून विटांचं बांधायचं, वर टिनपत्रं टाकायची. आणि नवी भिंत उठवताना माणूस ती जुन्या जागेवर उठवतो का? वीतभर सरकतोच. शेजाऱ्याच्या अंगणाकडं सरकतो, हे सांगायला नकोच. मग आरडाओरडा, मग शिव्या, आणि मग देवळासमोर नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत. नसाबीत मधोमध घोंगडीवर बाबूसिंग. ते त्याचे सोन्याचे दिवस होते.

या लोकांचे वाडवडील लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. ते बैल गेले, तो धंदा गेला, पण एक माप राहिलं. दोन घरांमधली गल्ली अशी पाहिजे की लदलेला बैल तिच्यातून न घासता जावा. तक्रार आली की बाबूसिंगाचा पांढरा बैल यायचा. त्याच्या दोन्ही अंगांना भुसा ठासलेल्या गोण्या लादायच्या आणि बाबूसिंग स्वतः कासरा धरून त्याला दोन भिंतींच्या मधून चालवायचा. सगळा तांडा बघायला. गोणी घासली, की ज्याचं बांधकाम नवं त्यानं भिंत मागं घ्यायची. नाही घासली, की तक्रार करणाऱ्यानं तोंड बंद ठेवायचं. मग बाबूसिंग फेटा सारखा करायचा आणि दोघांच्याही घरी चहा घ्यायचा, आधी हरलेल्याच्या घरी. ही त्याच्या बापाची शिकवण, आणि ती त्यानं कधी चुकवली नाही. माणूस वाईट नव्हता हो.

तोवर आपला जिल्हा परभणी होता. कागदासाठी एवढं लांब कोण मरायला जातं? म्हणून घर बांधायला परवानगी लागते हे तांड्यावर कोणाला माहीतच नव्हतं. नव्याण्णव साली हिंगोली जिल्हा झाला. कचेऱ्या जवळ आल्या, तसे नियमही जवळ आले. ग्रामसेवक म्हणायला लागला, परवानगी दाखवा. नकाशा दाखवा. शेजाऱ्याची ना-हरकत दाखवा. इतकी फूट जागा सोडा, नाहीतर घराची नोंद होणार नाही, आणि नोंद नाही तर घरकुल नाही, वीज नाही. लोक घाबरले. बैल काही ग्रामसेवकाच्या समोर उभा करता येत नव्हता.

आणि नेमका तेव्हाच प्रेमदास तांड्यावर परत आला.

प्रेमदास इथलाच. त्याचा बाप बाबूसिंगाच्या बापाची गुरं वळायचा. पोरगं आश्रमशाळेत शिकलं, पंचायत समितीत कारकून झालं, सगळी नोकरी घरबांधणीच्या परवानग्यांच्या टेबलावर काढली आणि रिटायर होऊन बापाच्या जागेवर छोटंसं घर बांधून राहिलं. घरापुढं लांबलचक ओटा. त्या ओट्यानंच घात केला. आधी एक जण आला, साहेब, हा अर्ज काय म्हणतो तेवढं सांगा. मग दुसरा आला, साहेब, शेजारी सही देत नाही, तुमी जरा समजावा. प्रेमदास समजावायचा. आवाज न चढवता दोघांना शेजारी शेजारी बसवायचा, टेप काढायचा, चहा पाजायचा आणि सही घेऊन टाकायचा. ना नसाब, ना बैल, ना फेटा.

बाबूसिंगाचं दार त्या ओट्याच्या बराबर समोर. मधे फक्त हातपंप. सकाळी दात घासायला तो बाहेर आला की समोर ओट्याखाली चपला. कोणाची कोणती चप्पल हे त्याला पाठ होतं, त्यामुळं कोण फितूर झालं हे चेहरा न बघताच कळायचं. दिवसभर मग त्याच्या पोटात दुखायचं. खरंच दुखायचं; वैद्याच्या गोळ्याही खाऊन झाल्या.

"दाळ खारट झाली का?" त्याची बायको रूपाबाई विचारायची.

"न्हाई."

"मग तोंड काहून असं करून राहिले?"

"त्या प्रेम्याकडं वसराम काहून गेला होता?"

"मी काय पहाऱ्यावर हाये का? जा, तुमीच इचारा. जाता जाता तुमच्यासाठीबी चहा टाकतील ते."

असं म्हणून ती हसायची, आणि या हसण्यानं त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दोन हजार सातला सरकारनं तंटामुक्तीची मोहीम काढली. गावचे तंटे गावातच मिटवा, पोलिसात नि कोर्टात जाऊ नका, बक्षीस मिळवा. त्यासाठी समिती, समितीला अध्यक्ष. ग्रामसभेच्या दिवशी बाबूसिंग कडक धोतर नेसून पुढच्या रांगेत जाऊन बसला. आता तंटा म्हटल्यावर दुसरं कोणाचं नाव निघणार? दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा मान डोलवायची, हे त्यानं घरूनच ठरवून आणलं होतं. ग्रामसेवकानं विचारलं, "अध्यक्ष कोणाला करायचं?" बाबूसिंगानं नको म्हणायला घसा साफ केला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "प्रेमदाससाहेब!" आणि ज्वारीच्या कणसांसारखे नुसते हातच हात वर आले.

"अरे, नायक असताना मी कशाला?" प्रेमदास म्हणाला.

"नायक हायेतच की," मागून आवाज आला. "ते कुठं जाऊन राहिले?"

बाबूसिंगानं मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं. रूपाबाईचा हात वर होता.

घरी येऊन त्यानं फेटा कोपऱ्यात फेकला. "तू काहून हात केला गं? तू!"

"सगळ्यांनी केला."

"तू सगळ्यांमधली हायेस का?"

रूपाबाईनं फेटा उचलून खुंटीला लावला. मग म्हणाली, "आपल्या न्हाणीचं पाणी वसरामच्या भिंतीत जाऊन राहिलं होतं. त्याची बायको रोज माझ्याशी भांडायची. तुमाला सांगितलं असतं तर तुमी नायकपणा केला असता. प्रेमदासभाऊंनी नाली काढून दिली. झालं, मिटलं."

म्हणजे बघा. याच्या स्वतःच्या घरातलं भांडण, याच्या नाकासमोर, तिकडं जाऊन मिटलं होतं, आणि याला पत्ता नाही. त्या दिवशी बाबूसिंग जेवला नाही. प्रेमदासचा त्याला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. चुलीचा धूर लागला, असं त्यानं सांगितलं. घरात गॅस होता.

तर अशा दिवसांत देविदासनं घर काढलं. देविदासचं वारंगा फाट्यावर चहा-भज्यांचं हॉटेल, दिवसभर ट्रका थांबायच्या, धंदा जोरात. त्याला पत्र्याचं नाही, स्लॅबचं घर बांधायचं होतं, तांड्यातलं पहिलं. प्रेमदासनं त्याला परवानगी काढून दिली. नकाशा पास झाला. शेजारच्या बाजूला तीन फूट जागा सोडायची अट होती, ती त्यानं मानली. शेजारी गोपीचंद. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले. गोपीचंदनं ना-हरकतीवर हसत हसत सही केली आणि पायाच्या खोदाईला स्वतः फावडं घेऊन उतरला.

हे बाबूसिंगाला बघवेना. तांड्यातलं पहिलं स्लॅबचं घर होऊन राहिलंय, आणि भांडण नाही म्हणजे काय? नायकाला कोणी नुसतं विचारलंसुद्धा नाही.

एका सकाळी तो गोपीचंदच्या अंगणात जाऊन उभा राहिला. गोपीचंद म्हशीसाठी कडबा तोडत होता.

"काय गोपी, बरं हाये ना?"

"या नायक, बसा."

"बसत न्हाई. आपल्याला काय करायचं म्हणा. पण तुझा बाप आन् माझा बाप संगं बसायचे, म्हणून राहवत न्हाई."

"काय झालं?"

"तीन फूट," बाबूसिंग म्हणाला. "तीन फुटात काय जातं रे? शेळी जाईल. तुझ्या बापानं लदलेल्या बैलाएवढी गल्ली राखली, आन् तू ती कागदावर सही करून देऊन टाकली. तुझं दार मागच्या अंगाला, आन् बाहेर पडायला वाट तेवढी एक गल्ली. उद्या पोरीची वरात कुठून आणशील?" मग त्यानं घराच्या दाराकडं पाहिलं. आत गोपीचंदची म्हातारी आई कित्येक महिने खाटेवर पडून होती. "आन् देव न करो, पण घरातून तिरडी काढायची झाली, तर खांदेकरी कुठून चालतील? देविदासच्या भिंतीवरून?"

हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलता बोलताच कळलं. आतून म्हातारी खोकली. पण शब्द कामाचा होता, त्यानं तो परत घेतला नाही. गोपीचंदच्या हातातला कोयता थांबला होता.

"माझं दार उघडंच हाये," बाबूसिंग म्हणाला आणि निघाला.

घरी येऊन त्यानं बैल धुतला. गोण्या झटकल्या, त्यांत भुसा भरून ठेवला. "कोणाच्या लग्नाला चालला बैल?" रूपाबाईनं विचारलं, त्याकडं त्यानं दुर्लक्ष केलं. दारात खाट टाकून तो वाट बघत बसला. दुपारनंतर गोपीचंद येताना दिसला. चेहरा लाल, तरातरा चालत. बाबूसिंगानं फेटा सारखा केला. गोपीचंद जवळ आला, अगदी जवळ आला, आणि त्याच्या दारावरून पुढं निघून गेला. हातपंप ओलांडून समोरच्या ओट्यावर चढला.

काय म्हणावं याला! बी यानं पेरलं आणि पीक त्याच्या खळ्यात. बाबूसिंग खाटेवरून उठला, आत गेला आणि भुशाच्या गोणीला एक लाथ घातली.

देविदास हॉटेलवर असताना प्रेमदास ग्रामसेवकाला घेऊन गेला, टेप लावला. तीन फुटांहून बोटभर जास्तच जागा सुटली होती. "परवानगी बराबर हाये गोपीचंद," तो म्हणाला, "आन् तुझी सहीबी हाये."

"सही केली तवा मला समजलं न्हाई," गोपीचंद म्हणाला, "आता समजलं. माझी माय त्या गल्लीतून जायची हाये. टेप तुमाला लखलाभ."

आणि तो पायाच्या खड्ड्यात उतरून बसला. बसला तो उठेचना. देविदास फाट्यावरून धावत आला. त्यानं आधी हात जोडले, मग तो चिडला. गवंडी खोळंबले होते, सिमेंट दगड व्हायला आलं होतं. त्यानं गोपीचंदला हाताला धरून ओढलं. गोपीचंदनं हाताला लागलेलं घमेलं भिरकावलं, ते देविदासच्या कपाळावर लागलं. रक्त आलं. एका ताटात जेवलेली माणसं ती, एकमेकांच्या आयांचा उद्धार करत सुटली. एक म्हणाला, उद्या कळमनुरीला जातो आणि कोर्टातून स्टे आणतो. दुसरा म्हणाला, मी आत्ताच पोलिसात जातो, बघू आधी कोण पोचतं ते.

रक्त बघून बाबूसिंग चरकला. एवढं व्हावं असं त्याला वाटलेलं नव्हतं. पण चरकलेल्या माणसाच्या आत एक दुसराच माणूस बसला होता आणि तो खूश होता. प्रेमदासचा टेप हरला, प्रेमदासचा चहा हरला. कसं वाटतं आता, साहेब?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमदास हातपंप ओलांडून इकडच्या बाजूला आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चपला बाबूसिंगाच्या दाराशी निघाल्या.

"नायक, माझ्याच्यानं मिटत न्हाई हे," तो म्हणाला.

"काय म्हणलास? ऐकू कमी येऊन राहिलं आजकाल."

"माझ्याच्यानं मिटत न्हाई म्हणलं," प्रेमदास मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या अंगणातही ऐकू गेलं. "दोघांच्या हातापाया पडून एक दिवस थांबवलंय. तुमी नसाब बसवा. तुमचंच ऐकतील ते."

बाबूसिंगाच्या छातीत असं काही भरून आलं की काय सांगावं. त्यानं रूपाबाईला हाक मारली आणि साहेबांना चहा टाकायला सांगितलं.

संध्याकाळी उन्हं कलली तशी नसाब बसली. देवळासमोर सगळा तांडा जमला होता. घोंगडी अंथरली होती, तिच्यावर बाबूसिंग. बाजूला बैल गोण्या लादून उभा. समोर एका अंगाला कपाळावर पट्टी बांधलेला देविदास, दुसऱ्या अंगाला गोपीचंद, आणि पार मागं, पोरासोरांच्या रांगेत, प्रेमदास. तो मागं बसलेला बघून बाबूसिंगाला फार गोड वाटलं. आता सुरुवात करायची.

तर नसाबीची रीत अशी, की माप नंतर, साक्षीही नंतर. नायकानं आधी भांडणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, हे तुझ्या मनात कोणी घातलं? जुनी माणसं हुशार. शेजाऱ्यांचं भांडण सहसा आपोआप उगवत नाही, कोणीतरी मेव्हणा किंवा चुलता किंवा पलीकडची बाई कान भरून गेलेली असते. त्याचं नाव निघालं की त्यालाच उभं करायचं, मग निम्मं भांडण तिथंच विझतं. बाबूसिंगानं हा प्रश्न उभ्या जन्मात इतक्यांदा विचारला होता की तो तोंडातून आपोआप यायचा. तसाच आला.

"गोपीचंद, हे तुझ्या मनात कोणी घातलं?"

बोलून गेला, आणि मग त्याला कळलं आपण काय विचारलं ते.

त्यानं हातातला कासरा उगाच मुठीला गुंडाळला. त्यानं गोपीचंदकडं पाहिलं. गोपीचंद वर बघत नव्हता. मग त्यानं मान उचलली, पण नायकाकडं नाही. लोकांच्या डोक्यांवरून पार मागं, प्रेमदासकडं पाहिलं. आणि प्रेमदासनं मान हलवली. हळूच, माशी उडवावी तशी. नको, अशी.

"कोणी न्हाई," गोपीचंद म्हणाला. "माझंच डोस्कं फिरलं होतं."

सुटला! कोणीही म्हणेल, सुटला बिचारा. अब्रू वाचली, घोंगडी वाचली, आता बैल चालवावा आणि चहा प्यावा. पण बाबूसिंगाच्या डोक्यात भलताच उजेड पडला होता. म्हणजे याला माहीत आहे. गोपीनं ओट्यावर सगळं सांगितलंय, पहिल्याच दिवशी सांगितलंय. तिरडीचं बोलणंसुद्धा. सगळं माहीत असून हा माझ्या दारात आला, माझ्याच्यानं मिटत न्हाई म्हणाला, वर दोनदा म्हणाला. मला ही घोंगडी यानं दिली. आणि आता माझी लाजही हाच झाकतोय, तिथं मागं पोरांत बसून! गुरं वळणाऱ्याचं पोर!

आता इथं दुसरा कोणी असता तर त्याला पस्तावा झाला असता. याला झाला तो संताप. चूक केल्याची लाज त्यानं कशीबशी गिळली असती, पण प्रेमदासचे उपकार त्याच्या घशाखाली उतरेनात.

"खोटं!" तो ओरडला. बैल दचकून मागं सरला. "देवळासमोर खोटं बोलतो? नसाबीत?"

"नायक..." गोपीचंद घाबरला.

"कोणी न्हाई काय! मी आलो होतो तुझ्या अंगणात. मी बोललो तीन फुटात शेळी जाते म्हणून. तुझी माय आत पडलेली, तिला ऐकू जाईल असं तिरडीचं मी बोललो. सांग ना! घाबरतो कोणाला? त्याला काय इचारून राहिला? तो कोण हाये तुला मुंडी हलवून सांगणारा?"

मागची माणसं बघायला उठून उभी राहिली. रूपाबाईनं पदर तोंडावर घेतला.

गोपीचंद उभा होता तिथंच खाली बसला. देविदास त्याच्याकडं बघत राहिला, मग बाबूसिंगाकडं, मग परत त्याच्याकडं. "तुझ्या मायचं मला सांगितलं असतं," तो शेवटी म्हणाला, "तर मी भिंत हातभर मागं घेतली असती रे. बाजूची खोली जरा लहान झाली असती, एवढंच. माय काय तुझ्या एकट्याची हाये?" आणि तो गोपीचंदच्या शेजारी जाऊन बसला. बैल चालवायची गरजच उरली नाही. ज्या भांडणासाठी नसाब बसली होती ते असं दोन वाक्यांत संपलं.

पण नसाब संपली नव्हती. म्हातारा वसराम काठीचा आधार घेऊन उठला. "नायक," तो म्हणाला, "रीत तुमाला म्या सांगावी असं न्हाई."

रीत बाबूसिंगाला माहीत होती. नायकाचंच नाव निघालं, तर नायकानं घोंगडी सोडायची, समोर जाऊन उभं राहायचं. आणि घोंगडीवर कोणी बसायचं, तेही उठणाऱ्यानंच बोलून दाखवायचं. त्याच्या बापाच्या काळात कधी असं झालं नव्हतं. आज्याच्या काळात झाल्याचंही त्यानं ऐकलेलं नव्हतं.

तो उठला. कासरा एका पोराच्या हातात दिला. वसरामचं नाव घेता आलं असतं. वसराम निम्मा बहिरा, मनानं गरीब. काहीतरी बोलून मोकळा झाला असता, आणि कोणी हरकत घेतली नसती. बाबूसिंगाच्या ओठावर तेच नाव होतं. पण त्यानं मागं पाहिलं, तर प्रेमदास मान खाली घालून बसला होता, त्याला या सगळ्यातलं काहीच नको असल्यासारखा. आणि ते नको असणंच बाबूसिंगाला सहन होईना. आपण ज्याच्यासाठी जीव जाळला, ते याला फुकट मिळतं आणि वर नकोही असतं?

"प्रेमदास," तो म्हणाला. "ये. बस हितं."

"नायक, मला न्हाई जमायचं."

"बस म्हणतो ना!"

प्रेमदास लोकांमधून वाट काढत पुढं आला. चपला काढल्या. घोंगडीच्या अगदी कडेला टेकला, ती उसनी आणलेली असावी तसा. बाबूसिंग समोर जाऊन उभा राहिला, जिथं आजवर दुसरे उभे राहायचे. तिथून देऊळ वेगळंच दिसत होतं. त्यानं फेटा उतरवून हातात घेतला, कारण समोर उभ्या राहणाऱ्यानं तसं करायचं असतं.

प्रेमदास घोंगडीची दशी चाळवत बसला. लोक वाट बघत होते. "इचारा," वसराम म्हणाला. "साहेब, इचारावं लागतं."

प्रेमदासनं खाली बघतच विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेला नाही.

"नायक, हे तुमच्या मनात कोणी घातलं?"

"तू," बाबूसिंग म्हणाला.

प्रेमदासनं मान वर केली.

"तुझ्या ओट्याखाली लोकांच्या चपला दिसतात, ते मला देखवत न्हाई," बाबूसिंग म्हणाला. "माझ्या बायकोनं तुझ्यासाठी हात वर केला, ते देखवत न्हाई. आन् आता तू हितं बसला, ते तर बिलकूल देखवत न्हाई. सांग आता काय सजा देतो ते."